गोठलेल्या तळ्याकडे जाताना

उन्हाळा लागायच्या बेताला बचत गटांमधून सहलीच्या गोष्टी सुरू होतात. मोबाइलवर बर्फाचं पांढरंशुभ्र तळं दिसतं, सजवलेले याक दिसतात, आणि कुणीतरी विचारतं, "ताई, इथं आपल्याला जाता येईल का हो?" जाता येतं. पण आधी नीट समजून घेऊ.

हे तळं बहुधा सिक्कीममधलं त्सोमगो असतं. त्याला चांगू तलावही म्हणतात. गंगटोकपासून ते साधारण चाळीस किलोमीटर आहे. आपल्याकडे एवढं अंतर म्हणजे तालुक्याला जाऊन येणं. तिथं मात्र रस्ता सारखा वर वर चढतो. गंगटोक जवळजवळ कळसूबाईच्या शिखराइतक्या उंचीवर वसलंय. तळं आहे ३,७५३ मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून वर. गाडी दोनेक तासांत एवढी उंची गाठते, पण शरीर इतक्या लवकर सरावत नाही. वर हवा विरळ असते. प्रत्येक श्वासात आपल्या किनाऱ्यावरच्या मानानं एक तृतीयांशाहून जास्त प्राणवायू कमी मिळतो. म्हणून डोकं ठणकतं, मळमळतं, चार पावलांत धाप लागते.

आपल्या बायकांनी इथं जास्त लक्ष द्यायला हवं. प्राणवायू अंगभर पोचवतं ते रक्तातलं हिमोग्लोबिन, आणि आपल्यात कितीजणींचं ते कमी असतं हे तुम्हालाच माहीत आहे. त्यामुळे तिकीट काढायच्या आधी आरोग्य केंद्रात जाऊन रक्त तपासा. गरोदर बाई असेल, कुणाला दमा, हृदयाचा त्रास किंवा वाढलेला रक्तदाब असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाव नोंदवू नका. गंगटोकला एक-दोन दिवस मुक्काम करून मगच वर जा. आणि वर गेल्यावर डोकेदुखी वाढत चालली, तोल जायला लागला, तर गोळी घेऊन बसून राहायचं नाही, लगेच खाली उतरायचं. उतरणं हेच औषध.

आता बर्फाचं. बर्फ पाण्यापेक्षा हलका, म्हणून तो तरंगतो आणि तळं वरून गोठतं. खाली पाणी असतंच, साधारण चार अंशांचं, त्यातच जीव तग धरतात. मार्च-एप्रिलमध्ये वरून सगळं घट्ट दिसतं, पण ऊन वाढलेलं असतं. काठाशी आणि ओढा येऊन मिळतो तिथं बर्फ आधी पातळ होतो, आणि वर भुरभुरीत बर्फ साचला असेल तर ते दिसतही नाही. फोटोसाठी तळ्यावर पाऊल टाकू नका. काठावरूनही फोटो छान येतो.

डोंगरउतारावरही तेच घडतं. दिवसा वितळायचं, रात्री गोठायचं, असं करत बर्फाचे थर एकमेकांना धरेनासे होतात आणि अख्खा थर घसरून खाली येतो. त्याला हिमस्खलन म्हणतात. ४ एप्रिल २०२३ला याच गंगटोक-नथुला रस्त्यावर, पंधराव्या मैलाजवळ, असाच कडा कोसळला. सात पर्यटक गेले. पास तेराव्या मैलापर्यंतचेच होते, तरी लोक पुढे गेले होते, असं नंतर सांगण्यात आलं. आपण कागद म्हणजे कटकट समजतो. इथं तो कागदच रस्ता कुठपर्यंत सुरक्षित आहे ते सांगतो. ड्रायव्हर दादांना "अजून थोडं पुढे घ्या ना" असा आग्रह करायचा नाही.

सीमेजवळचा भाग असल्यानं पास लागतोच. नोंदणी असलेल्या प्रवास कंपनीकडून तो आदल्या दिवशी काढून घ्यायचा. फोटो आणि ओळखपत्राच्या प्रती द्याव्या लागतात. मतदार ओळखपत्र जवळ असलेलं बरं. गाडीही तिथलीच करावी लागते. बर्फ पडला तर पास बंद होतात, म्हणून हातात एक दिवस जास्तीचा ठेवा.

साडी नेसायची असेल तर आतून लोकरी विजार आणि दोन पायमोजे घाला. ओला काठ पायाला लागला की गारठा चढतो. बूट तिथं भाड्यानं मिळतात. स्वच्छतागृहं कमी आहेत म्हणून पाणी पिणं टाळू नका, त्यानं डोकेदुखी वाढते.

आणि पैशांचं एक. सहलीसाठी गटाच्या कर्जाच्या पैशाला हात लावायचा नाही. वेगळी वही घाला, महिन्याला जमेल तेवढं टाका. न्यू जलपायगुडीपर्यंत रेल्वे, पुढे गंगटोकपर्यंत गाडी, मुक्काम आणि तो जास्तीचा दिवस असा सगळा हिशेब गटाच्या बैठकीत मांडा, मगच तारीख ठरवा.