जाळे-निरीक्षक डीमनमधील दोष व त्यांचे शोधन

सर्व्हरवर पार्श्वभूमीत अखंड चालणारी आणि त्याची स्थिती दूरच्या निरीक्षण केंद्रास कळविणारी आज्ञावली म्हणजे जाळे-निरीक्षक डीमन होय. ‘डीमन’ ही संज्ञा १९६३ च्या सुमारास मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील संगणक-प्रकल्पात रूढ झाली. भौतिकीविज्ञ जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी कल्पिलेल्या, रेणूंची अविश्रांत निवड करणाऱ्या काल्पनिक प्राण्यावरून ती घेतली आहे. लिनक्स सर्व्हरांवर या कामासाठी पुष्कळ ठिकाणी ‘नेट-एसएनएमपी’ या संचातील एसएनएमपीडी हा डीमन वापरतात. प्रस्तुत विवेचन त्याच्या आधारे केले आहे.

कार्यपद्धती : एसएनएमपी या संदेशनियमावलीचा पहिला मसुदा १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. तीनुसार निरीक्षण केंद्र प्रश्न पाठविते व डीमन उत्तर देतो. सर्व्हरवरील प्रत्येक मोजण्याजोग्या राशीस अंकांच्या मालिकेने दर्शविलेला एक ओळखक्रमांक असतो. प्रश्न यूडीपी या पद्धतीने पोर्ट १६१ वर येतात. यूडीपीमध्ये संदेश पोहोचल्याची पोच मिळत नाही. त्यामुळे उत्तर न आल्यास प्रश्न वाटेत हरवला, डीमन बंद आहे की त्याने उत्तर नाकारले, हे केंद्रास कळत नाही. या डीमनच्या दोषशोधनातील मुख्य अडचण हीच होय.

डीमन सुरू न होणे : पोर्ट १६१ आधीच दुसऱ्या प्रक्रियेने, बहुधा डीमनच्याच न संपलेल्या जुन्या प्रतीने, व्यापलेले असल्यास डीमन सुरू होत नाही. १०२४ च्या खालील पोर्टे उघडण्यास सामान्यतः विशेषाधिकार लागतात. ते नसल्यासही तोच परिणाम होतो. ‘सिस्टमसीटीएल’ व ‘जर्नलसीटीएल’ या आज्ञांनी अपयशाचे कारण वाचता येते, तर ‘एसएस’ या आज्ञेने पोर्ट कोणाकडे आहे ते समजते.

उत्तर न मिळणे : सर्वांत अधिक आढळणारा दोष हा आहे. केंद्राकडील आज्ञा साधारणतः एक सेकंद वाट पाहते, पाच वेळा पुन्हा विचारते आणि मग मुदत संपल्याचे कळविते. याची कारणे शोधताना आतून बाहेर जावे. प्रथम डीमन चालू आहे का ते पाहावे. नंतर तो कोणत्या पत्त्यावर ऐकत आहे ते पाहावे. डेबियनसारख्या वितरणांत तो मुळात फक्त १२७.०.०.१ सारख्या अंतर्गत पत्त्यांवर ऐकतो. अशा वेळी सर्व्हरवरूनच विचारलेल्या प्रश्नास उत्तर मिळते, बाहेरून मात्र मिळत नाही. त्यानंतर फायरवॉल तपासावी. शेवटी कम्युनिटी स्ट्रिंग, म्हणजे पहिल्या दोन आवृत्त्यांत परवलीसारखा वापरला जाणारा शब्द, पडताळावा. तो चुकीचा असल्यास डीमन नकार न देता गप्प राहतो. ‘टीसीपीडम्प’ने सर्व्हरवरील संदेश पाहिल्यास प्रश्न आत आला की नाही आणि उत्तर बाहेर गेले की नाही, हे निश्चित होते व शोधाचे क्षेत्र निम्म्याने घटते.

कधी कधी डीमन चालू असूनही अडकून पडतो. सर्व्हरला जोडलेला दूरस्थ फाइल-संच (एनएफएस) बंद पडला असता साठवणीची माहिती वाचताना डीमन थांबून राहतो आणि इतर कोणत्याही प्रश्नास उत्तर देत नाही. त्यास सक्तीने बंद करणेही पुष्कळदा शक्य होत नाही. दोष येथे डीमनचा नसून दुसऱ्याच यंत्राचा असतो.

अपुरी वा चुकीची उत्तरे : विन्यास-फाइलीत दृश्यक्षेत्र मर्यादित असल्यास सर्व्हरची जुजबी माहिती मिळते, परंतु जाळ्याच्या जोडण्यांविषयी विचारल्यास ‘अशी राशी नाही’ असे उत्तर येते. याहून घातक ठरतात ते बिनचूक भासणारे आकडे. वाहतुकीचा ३२ बिटांचा गणक ४,२९,४९,६७,२९६ बाइट झाल्यावर पुन्हा शून्यापासून सुरू होतो. सेकंदास १ गिगाबिट वेगाची जोडणी पूर्ण भारित असता हे सुमारे ३४ सेकंदांत घडते. केंद्र दर पाच मिनिटांनी विचारत असेल, तर मधल्या काळात गणक आठ वेळा फिरून येतो आणि तुडुंब भरलेली जोडणी आलेखावर जवळजवळ मोकळी दिसते. यावर ६४ बिटांचे गणक हा उपाय आहे. मात्र ते पहिल्या आवृत्तीत वाचता येत नाहीत.

तिसऱ्या आवृत्तीतील दोष : या आवृत्तीत संदेशाची सत्यता व गुप्तता राखली जाते. प्रत्येक डीमनला स्वतंत्र ओळख असते आणि संदेशातील वेळ १५० सेकंदांपेक्षा अधिक चुकल्यास तो नाकारला जातो. एका आभासी यंत्राच्या नकला करून अनेक सर्व्हर उभारल्यास सर्वांची ओळख एकच राहते, केंद्राचा वेळेचा हिशेब बिघडतो व उत्तरे अधूनमधून नाकारली जातात. ओळख किंवा वापरकर्ता बदलावयाचा झाल्यास डीमन आधी बंद करावा. कारण बंद होताना तो आपली स्थायी फाइल पुन्हा लिहितो व चालू असताना केलेले बदल पुसले जातात.

दोषशोधनात एका वेळी एकच बदल करावा व प्रत्येक बदलानंतर तोच प्रश्न पुन्हा विचारावा. निरीक्षकाचे मौन म्हणजे सर्व्हर सुस्थितीत असल्याचा पुरावा नव्हे. याकरिता उत्तर न येणे हीच सूचना मानणारी व्यवस्था केंद्राकडे असणे आवश्यक आहे. अन्यथा बिघाडाची वर्दी देणारे साधन बिघडल्याची वर्दी कोणासही मिळत नाही.