राजाची भाषा, प्रजेची भाषा

पोर्तुगालचे नाव निघाले की गोमंतकीयाच्या डोळ्यांपुढे आल्बुकेर्क आणि इन्क्विझिशन उभे राहते. १५१० ते १९६१ या साडेचारशे वर्षांच्या अनुभवाने ते स्वाभाविकच आहे. तथापि ज्या सिंहासनाने आपल्यावर राज्य केले, त्याचा पूर्वेतिहासही एकदा पाहून घेणे इष्ट ठरेल, असे आम्हांस वाटते.

तेराव्या शतकात पोर्तुगालच्या शेजारी कास्तीलच्या गादीवर दहावा आल्फोन्सो (१२५२-१२८४) होता. मुसलमान सत्तांशी त्याची युद्धे चालू होती. परंतु त्याच्याच आश्रयाने ज्यू पंडित अरबी ग्रंथांची भाषांतरे करीत होते, आणि तीही लोकांच्या कास्तिलियन भाषेत. युवराज असतानाच, १२५१ च्या सुमारास, त्याने ‘कलीला आणि दिम्ना’ या अरबी ग्रंथाचा अनुवाद करविला. हा ग्रंथ म्हणजे पहलवीमार्गे अरबीत गेलेले आपले पंचतंत्रच होय. आपले करटक आणि दमनक असे कास्तिलियन बोलू लागले!

आल्फोन्सोचा दौहित्र दिनीश (१२७९-१३२५) हा पोर्तुगालचा राजा. त्याने राज्यकारभाराच्या कागदपत्रांत लॅटिनच्या जागी देशी भाषा रूढ केली, त्याच भाषेत स्वतः काव्ये रचली आणि १२९० मध्ये लिस्बनला विद्यापीठ स्थापिले. तेच पुढे कोइंब्राचे विद्यापीठ म्हणून विख्यात झाले.

हे राजे काही संत नव्हते. आल्फोन्सोच्या विधिसंहितेत ज्यूंवर जाचक निर्बंध होते. सम्राटपदाच्या हव्यासापायी त्याने प्रजेवर करांचे ओझे लादले, आणि १२८२ मध्ये पोटचा मुलगा सांचोच त्याच्याविरुद्ध उठला. परंतु परक्याची विद्या घ्यावी आणि ती प्रजेच्या भाषेत सांगावी, एवढे शहाणपण त्यांच्यापाशी होते.

ते टिकले नाही. दिनीशच्याच गादीवर बसलेल्या मानुएलने १४९६ मध्ये ज्यू आणि मुसलमानांना देशाबाहेर जाण्याचे फर्मान काढले. पुढे १६८४ मध्ये गोव्याच्या व्हाइसरॉयने हुकूम सोडला, की येथील लोकांनी तीन वर्षांच्या आत स्वभाषा सोडून पोर्तुगीज बोलावे. स्वतःची बोली लॅटिनच्या छायेतून वर काढणाऱ्या राजसत्तेने दुसऱ्यांच्या बोलीवर मात्र कुऱ्हाड उगारली!

त्या हुकुमाने येथील भाषा मेली नाही. घराघरांतून आयाबायांनी ती जतन केली. राज्यकर्त्यांचे शहाणपण वंशपरंपरेने उतरत नसते. म्हणूनच भाषेचे रक्षण कोणा राजाच्या मर्जीवर सोपवून प्रजेला निर्धास्त राहता येत नाही.