फॉस्फेट काचेत फ्लोराइडचे स्थान

फॉस्फेट काचेचा मूळ घटक म्हणजे एका फॉस्फरस अणूभोवती चार ऑक्सिजन अणूंचे चतुष्फलक होय. सोडियम मेटाफॉस्फेटच्या काचेत प्रत्येक चतुष्फलक दोन शेजाऱ्यांशी सामायिक ऑक्सिजनने सांधलेले असते. त्यामुळे लांब शृंखला निर्माण होतात. अशा काचेत फ्लोराइड मिसळल्यास या शृंखलांचे काय होते, हा येथे विचारात घ्यावयाचा प्रश्न आहे.

फ्लोराइड आयन आकाराने ऑक्साइड आयनाच्या जवळपास असतो. परंतु त्यावरील विद्युद्भार एकच असतो. दोन फॉस्फरस अणूंना सांधणे त्यास साधत नाही. तो फॉस्फरसशी बद्ध झाला की शृंखला तुटते. एका तुकड्याचे टोक फ्लोरीनने, तर दुसऱ्याचे ऑक्सिजनने बंद होते.

समजा, सोडियम मेटाफॉस्फेटच्या १० मोलांत सोडियम फ्लोराइडचे २ मोल मिसळले. मूळ शृंखला अतिशय लांब मानल्यास तीन शक्यता संभवतात. सर्व फ्लोरीन फॉस्फरसशी बद्ध झाल्यास शृंखलेत सरासरी ५ फॉस्फरस अणू उरतील. ते केवळ सोडियमच्या सान्निध्यात राहिल्यास शृंखला अखंड राहतील. वितळताना बाष्पाशी संयोग होऊन ते हायड्रोजन फ्लोराइडच्या रूपाने निघून गेल्यास मागे सोडियम ऑक्साइड उरेल, ऑक्सिजन व फॉस्फरस यांचे प्रमाण ३ वरून ३.१ होईल आणि सरासरी लांबी १० अणूंची भरेल. म्हणजे, काचेत फ्लोरीन मुळीच नसतानाही शृंखला तुटलेल्या आढळतील!

अ‍ॅल्युमिनियमच्या उपस्थितीत चित्र आणखी पालटते. फ्लोरीनचा ओढा फॉस्फरसपेक्षा अ‍ॅल्युमिनियमकडे अधिक असतो. अ‍ॅल्युमिनियम फ्लोराइडाचे प्रमाण मोठे व फॉस्फेटचे अल्प असलेल्या काचांत अ‍ॅल्युमिनियमभोवती बहुधा सहा फ्लोरीन वा ऑक्सिजन अणू असतात, आणि फॉस्फेटचे लहान गट या अष्टफलकांना परस्परांशी जोडतात. अल्प वर्णविक्षेपामुळे अशा काचा भिंगांसाठी मोलाच्या ठरल्या आहेत.

सारांश, मिश्रणात किती फ्लोराइड घातले यावरून रचनेचे अनुमान करणे युक्त नव्हे. तयार काचेतील फ्लोरीनचे रासायनिक मापन प्रथम केले पाहिजे. त्यानंतर फ्लोरीन व फॉस्फरस या दोन्ही केंद्रकांच्या चुंबकीय अनुस्पंदनाने ते कोणाशी बद्ध आहे हे पडताळावे. शृंखला तुटल्याचा पुरावा हा फ्लोरीन-फॉस्फरस बंधाचा पुरावा नव्हे, हे अभ्यासकांनी ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.