मधांतील आवळा मृगापूर्वीं संपवावा

थंडीच्या दिवसांत आवळे बाजारांत आले कीं रत्नागिरीकडील गृहिणी ते टोचून, वाफवून, कोणी साखरेच्या पाकांत तर कोणी मधांत मुरत घालतात. बरणी भरण्याची हौस सर्वांस असते. ती वेळेवर रिती करण्याची काळजी मात्र थोडेच घेतात. त्याविषयीं दोन शब्द लिहिणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

मध वर्षानुवर्षें टिकतो अशी समजूत आहे, व निर्भेळ मधापुरती ती खरीही आहे. उत्तम मधांत शंभर भागांस २० हून कमी भाग पाणी असतें. तेवढ्यांत आंबविणारे सूक्ष्म जंतु वाढत नाहींत. परंतु आवळ्यांत पाण्याचें प्रमाण ८० च्या आसपास असतें. मध तें पाणी ओढून घेतो. आवळा सुरकुततो आणि मध पातळ होतो. म्हणजे फळाचें रक्षण करतां करतां रक्षकाचेंच बळ घटतें! शिवाय मध हवेंतील ओलही शोषतो, आणि कोंकणांतील पावसाळी हवा किती दमट असते हें वाचकांस सांगणें नको. म्हणून पौषांत भरलेली बरणी मृगापूर्वीं संपविणें हेंच शहाणपणाचें.

संपविण्याचे मार्ग सोपे आहेत. आवळे नेहमीं मधांत बुडालेले ठेवावे व कोरड्या चमच्यानेंच काढावे. बी काढून फोडी भाकरीबरोबर अथवा घावनाबरोबर खाव्या. मऊ झालेले आवळे आलें व मीठ घालून वाटल्यास रुचकर चटणी होते. तळाशीं उरलेला पातळ मध टाकूं नये. चैत्र-वैशाखांत तो थंड पाण्यांत कालवून चिमूटभर मीठ घातल्यास उत्तम सरबत होतें. मात्र बरणींत फेस दिसला किंवा दारूसारखा वास आला, तर लोभ न धरतां तें सर्व टाकून द्यावें.

मातापित्यांनीं एक गोष्ट विशेष ध्यानांत ठेवावी. तान्ह्या मुलास मध चाटविण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. पण एक वर्षाच्या आंतील बालकास मधाचें बोटही लावूं नये. मधांत क्वचित् असणारीं एका जंतूचीं बीजें मोठ्यांस सहसा बाधत नाहींत. तान्ह्याच्या कोवळ्या आंतड्यांत मात्र तीं रुजतात, आणि त्यांच्या विषानें अंग लुळें पडून प्राणावर बेतूं शकतें.

शलमोनाच्या नीतिसूत्रांतही मध बेतानें खावा असा उपदेश आहे. सांठविणें ही काटकसर खरी. परंतु वेळेवर व शेजाऱ्यापाजाऱ्यांस वांटून संपविणें हा तिचाच दुसरा अर्धा भाग होय.