मांजरे हटवू नका, वीण थांबवा

कोडोलीसारख्या वारणा खोऱ्यातल्या गावात गोठे, धान्याची पोती, दुधाची ने-आण असते. तिथे उंदीर येतात आणि त्यांच्यामागे मांजरे. भाटी चार-पाच महिन्यांची असतानाच माजावर येऊ शकते. गर्भकाळ सुमारे 9 आठवड्यांचा. पिल्ले अंगावर पीत असतानाही ती पुन्हा गाभण राहू शकते.

पिल्ले पोत्यात भरून लांब सोडून येणे हा उपाय नव्हे, निव्वळ क्रूरपणा आहे. रिकाम्या जागी आजूबाजूची मांजरे येतातच. शिवाय भूक-तहानेने तडफडावे लागेल अशा स्थितीत जनावर टाकून देणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, 1960 नुसार गुन्हा आहे.

खरा मार्ग निर्बीजीकरणाचा. मुंबई महापालिका स्वयंसेवी संस्थांच्या मदतीने तो राबवते. सुकटीच्या वासाने मांजर पिंजऱ्यात शिरते; वर लगेच कापड टाकले की शांत होते. मग भूल, शस्त्रक्रिया, रेबीजची लस. भूल उतरण्याआधीच बहुधा डाव्या कानाचे टोक सरळ कापतात, म्हणजे ते मांजर पुन्हा पकडले जात नाही. एक-दोन दिवस देखरेखीखाली ठेवून जिथून उचलले तिथेच सोडतात.

दूध पाजणारी भाटी पिंजऱ्यात सापडली, तर आधी तिची पिल्ले शोधावीत.