रिकाम्या खुर्चीची किंमत

कोलकात्याच्या कॉलेज स्ट्रीटवरून जाताना मला १९१७ हे वर्ष आठवते. त्या वर्षी सी. व्ही. रामन सरकारी वित्त खात्यातील मोठी नोकरी सोडून कलकत्ता विद्यापीठात पालित प्राध्यापक झाले. त्याच वर्षी रा. गो. भांडारकरांचे पुत्र देवदत्त भांडारकर प्राचीन भारतीय इतिहासाच्या कारमायकेल अध्यासनावर आले. १९२१ मध्ये म्हैसूरहून राधाकृष्णन आले. या निवडींमागे आशुतोष मुखर्जी यांची पारखी नजर होती. तेव्हा विद्यापीठ माणसे शोधत होते.

आज माझे पीएच.डी. झालेले विद्यार्थी जाहिरात शोधतात. प्राध्यापक निवड समितीचे अध्यक्षपद कुलगुरूंकडे असते आणि कुलगुरू कोणी नेमायचे, यावरच बंगालमध्ये राज्यपाल व राज्य सरकार यांच्यात वाद पेटला. २०२३ पासून अनेक विद्यापीठे हंगामी कुलगुरूंच्या भरवशावर चालली. अखेर जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माजी सरन्यायाधीश उदय लळित यांच्या अध्यक्षतेखाली निवड समिती नेमली. पंचवीस-तीस वर्षे टिकणाऱ्या नेमणुकीवर सही करताना हंगामी अधिकारी कचरणारच. तोवर वर्ग अतिथी व्याख्याते सांभाळतात. महाराष्ट्रातील ‘तासिका तत्त्वा’चीच ही बहीण.

मानधनावरचा शिक्षक उत्तम शिकवू शकतो. पण दहा वर्षांचे संशोधन हाती घेण्याचे स्थैर्य त्याच्यापाशी नसते. रामन यांचा प्रकाशाच्या विकिरणाचा शोध १९२८ मधला, म्हणजे नेमणुकीनंतर अकरा वर्षांनी लागलेला. म्हणून कुलगुरूंची मुदत संपण्याआधीच नवी निवड पूर्ण करण्याचे बंधन कायद्यात हवे. रिकाम्या खुर्चीची किंमत एक पिढी मोजत असते.