बालहक्क आणि आपली शाळा (लेखांक 6) : टेप, काटा आणि एक अर्ज

मागच्या लेखांकात संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेचा प्रवास पाहिला. 20 नोव्हेंबर 1989 रोजी आमसभेने ती मंजूर केली आणि 11 डिसेंबर 1992 रोजी भारताने ती स्वीकारली. तिच्या 42व्या कलमाकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. संहितेत काय आहे हे मोठ्यांना आणि मुलांना, दोघांनाही कळवण्याची जबाबदारी ते सरकारवर टाकतं. मुलांना त्यांचे हक्क सांगणं हे एखाद्या हौशी बाईंच्या किंवा सरांच्या मर्जीवर सोडलेलं काम नव्हे. देशाने तसा शब्द दिलेला आहे. आता ते वर्गात कसं सांगायचं, ते पाहू.

सध्याची रीत आपल्या ओळखीची आहे. बालदिन जवळ आला की कार्डशीट आणि स्केचपेन निघतात. जगण्याचा, विकासाचा, संरक्षणाचा आणि सहभागाचा हक्क असे चार चौकोन रंगवले जातात. प्रभातफेरी निघते, तिच्या घोषणा शिक्षकांनी लिहून दिलेल्या असतात. फोटो काढून अहवाल वर पाठवला की विषय संपतो. रॉजर हार्ट यांनी 1992 मध्ये युनिसेफसाठी लिहिताना मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती. खालच्या तीन पायऱ्यांना त्यांनी सहभाग मानलंच नाही. तिथे मोठी माणसं मुलांना आपल्या कामासाठी वापरतात, सजावटीला उभी करतात किंवा नावापुरतं बोलू देतात. आपले बहुतेक बालहक्क प्रकल्प या तीन पायऱ्यांवर थांबतात, असं माझं स्पष्ट मत आहे. तक्ता सुंदर झाला आणि शाळेत काहीच हललं नाही, तर हक्क भिंतीवर लावण्यासाठी असतात एवढंच मूल शिकतं.

म्हणून प्रकल्प असा निवडावा की ज्याला कुणालातरी उत्तर द्यावं लागेल.

त्यासाठी हाताशी असलेलं सर्वांत चांगलं साधन म्हणजे 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याला जोडलेली अनुसूची. जेमतेम दोन पानांची ती यादी शाळेत किमान काय हवं ते सांगते: प्रत्येक शिक्षकामागे निदान एक खोली, मुलांना आणि मुलींना वेगळी स्वच्छतागृहं, सर्वांना पुरेल असं सुरक्षित पिण्याचं पाणी, मैदान, संरक्षक भिंत किंवा कुंपण, अडथळ्याविना आत येण्याची सोय. ग्रंथालयात गोष्टीची पुस्तकं तर हवीतच, शिवाय वर्तमानपत्र आणि मासिकंही हवीत. सहावी-सातवीच्या वर्गाला ही यादी सोप्या मराठीत लिहून द्या आणि टेप, वही, पेन्सिल घेऊन शाळाभर फिरू द्या. खाजगी शाळांनाही हे निकष लागू आहेत, त्यामुळे शहरातल्या शाळांनी हा उपक्रम खेड्यांसाठी आहे असं समजू नये.

मुलं मोजायला लागली की प्रश्न आपोआप निघतात. दारापाशी उतार आहे, पण तो चढता येतो का? चाकाच्या खुर्चीसाठी साधारणपणे एक फूट उंची चढायला बारा फूट लांबीचा उतार लागतो. मुलांनी आपल्या शाळेतला उतार मोजून पाहिला की गुणोत्तराचा धडा होतो आणि चालायला त्रास होणाऱ्या सोबत्याचा विचारही होतो. स्वच्छतागृह आहे, पण त्याला आतून कडी आहे का? पाणी येतं का? की त्याला कुलूप असून किल्ली शिक्षकांच्या खोलीत असते? अनुसूचीत कडीचा उल्लेख नाही, मुलींच्या नोंदीत तो हमखास येईल. मुलांनी स्वतः पाहणी करण्याचं मोल इथे कळतं. कायदा लिहिणाऱ्याला न सुचलेली गोष्ट वापरणाऱ्याला ठाऊक असते. अनुसूचीने ठरवून दिलेलं वर्षही गणिताने मोजता येतं. पहिली ते पाचवीला वर्षात किमान 200 दिवस आणि 800 तास, सहावी ते आठवीला 220 दिवस आणि 1000 तास. आपल्या वर्गाचे तास खरोखर किती झाले, हा हिशोब मुलांनी करावा. शिक्षकांना शाळेबाहेरच्या कामांना किती वेळा जावं लागलं तेही त्यातून दिसेल, आणि ते दिसणं शिक्षकांच्याही भल्याचं आहे.

पोषण आहाराचंही असंच. केंद्राच्या निकषांप्रमाणे सहावी ते आठवीच्या मुलामागे रोज 150 ग्रॅम धान्य, 30 ग्रॅम डाळ आणि 75 ग्रॅम भाजी धरलेली आहे. त्यातून 700 उष्मांक आणि 20 ग्रॅम प्रथिनं मिळावीत अशी अपेक्षा आहे. एक दिवस वर्गात काटा आणावा, एका मुलाच्या वाट्याची कोरडी डाळ तोलून वाटीत ठेवावी आणि मग हजर पटाने गुणावं. इथे एक काळजी घ्यायला हवी. हा तास स्वयंपाक करणाऱ्या ताईंची चौकशी होऊ नये. त्यांनाच वर्गात बोलवावं, शिजवताना काय अडचणी येतात ते मुलांनी विचारावं. त्यांचं मानधन किती आणि ते वेळेवर मिळतं का, हेही मुलांच्या कानावर पडू द्यावं.

मोजून झाल्यावर नोंदवही कपाटात गेली तर सगळे कष्ट वाया. शिक्षण हक्क कायद्याचं 32वं कलम म्हणतं की मुलाच्या या हक्कांबाबत कोणीही व्यक्ती स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार देऊ शकते आणि तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हायला हवा. 'कोणीही' म्हटल्यावर त्यात मुलंही आली. तरी पहिला अर्ज आपल्याच शाळेच्या व्यवस्थापन समितीला द्यावा. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असं कायदा सांगतो. 'कडी नाही, दोन कड्या हव्यात, अमुक खर्च येईल' असा नेमका अर्ज मुलांनी लिहावा आणि त्यांच्यातल्या दोघांनी तो सभेत वाचावा. मराठीच्या तासाला अर्जलेखन शिकवतोच. काल्पनिक नगराध्यक्षांना दिवे लावा म्हणून विनंती करण्यापेक्षा हा अर्ज मुलं जीव ओतून लिहितील.

आता शिक्षक मंडळींची एक शंका. हक्क शिकवले की मुलं डोक्यावर बसतील, कर्तव्यांचं काय? या शंकेला यानुश कोरचाक यांच्या कामातून मिळणारं उत्तर मला सर्वांत पटतं. वॉर्सा शहरात ज्यू मुलांचा अनाथाश्रम चालवणारे हे बालरोगतज्ज्ञ. त्यांच्या संस्थेत मुलांचं न्यायालय होतं, न्यायाधीशही मुलंच. त्याच्या नियमावलीतली पहिली 99 कलमं निर्दोष ठरवण्याची किंवा क्षमा करण्याची होती. मोठ्या माणसांवरही तिथे खटला भरता येई. सहा महिन्यांत आपल्यावर पाच खटले झाले, असं कोरचाक यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. त्यातला एक मुलाचा कान लाल केल्याबद्दल होता, तर एक मुलीवर चोरीचा आळ घेतल्याबद्दल. आपल्याला दाद मागता येते हे ज्या मुलाला कळतं, त्याला दुसराही आपल्याविरुद्ध दाद मागेल हे त्याच दिवशी कळतं. कर्तव्याचा धडा याहून वेगळा शिकवावा लागत नाही. कोरचाक यांनी सुरू केलेलं, मुलांनी लिहिलेलं साप्ताहिक 1926 पासून 1939 पर्यंत दर शुक्रवारी एका दैनिकाबरोबर निघत असे. ऑगस्ट 1942 मध्ये नाझींनी आश्रमातल्या सुमारे 200 मुलांना त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे नेलं. कोरचाक यांनी त्यांची साथ सोडली नाही आणि त्यांच्यासोबतच ते मारले गेले. पुढे 1978 मध्ये बालहक्क संहितेचा पहिला मसुदा संयुक्त राष्ट्रांपुढे ठेवला तो त्यांच्याच पोलंड देशाने.

आपल्या वर्गात आठवड्यातून एकदा, परिपाठानंतर वीस मिनिटं असं न्यायालय भरवता येईल. पेन्सिल चोरणं, टोपणनावाने चिडवणं, कबड्डीत मुलींना न घेणं, हे तिथले खटले. शिक्षकांविरुद्धची तक्रारही त्यात चालली पाहिजे, नाहीतर ते न्यायालय नाटकापुरतं राहील.

नाटकावरून एक गंभीर गोष्ट. बालविवाह, बालमजुरी, मारहाण, लैंगिक छळ या विषयांवर काम करताना मुलांना 'तुमच्या घरचा अनुभव लिहा' असं कधीही सांगू नये. ते कागद भिंतीवर तर मुळीच लावू नयेत. इथे ब्राझीलचे नाट्यकर्मी आउगुस्तो बोआल यांची पद्धत उपयोगी पडते. काल्पनिक प्रसंग करायचा, अन्यायाच्या टोकावर तो थांबवायचा आणि पाहणाऱ्यांपैकी कुणीतरी येऊन त्या पात्राची जागा घेऊन वेगळं वागून पाहायचं. समजा, नववीतल्या मुलीचं लग्न ठरलंय. तिच्या जागी एकजण मामाशी बोलून पाहतो, दुसरी बाईंकडे जाते, तिसरी 1098 या मुलांच्या मदत क्रमांकाला फोन करते. पात्र काल्पनिक असल्याने मुलाला आडोसा मिळतो. तरीही एखादं मूल तासानंतर मागे रेंगाळेल आणि काही सांगेल. तेव्हा शांतपणे ऐकावं, उलटतपासणी करू नये, 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नये. लैंगिक अत्याचाराची शंका आली तरी पोलिसांना कळवणं 2012च्या पॉक्सो कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक आहे. मुलाचं नाव मात्र बाहेर फुटता कामा नये. इतकी तयारी नसेल त्या शाळेने हा विषय घेण्याआधी ती करावी.

मुख्याध्यापकांना एक विनंती आहे. मुलांचा अर्ज आला तर त्यावर तारीख घालून पोच द्या आणि आठ दिवसांत लेखी उत्तर द्या. 'निधी नाही, मार्चनंतर पाहू' असं उत्तर असलं तरी चालेल, पण कारणासह द्या आणि ते वर्गात उभं राहून स्वतः वाचून दाखवा. पुढच्या लेखांकात आईबापांबरोबर ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न घेऊ. तोवर कुणाच्या शाळेत टेप घेऊन पाहणी झाली, तर मुलांनी काय मोजलं आणि त्यांना काय उत्तर मिळालं ते जरूर कळवा.